कृती नंतर, आधी आच

जळगाव-धुळ्याकडचे पदार्थ शिकायचे म्हणून पुण्या-मुंबईतल्या किंवा परदेशातल्या मराठी घरांत जी वही भरली जाते, तिच्यात बहुतेक वेळा साहित्याची यादी असते. भरताची वांगी दोन, हिरव्या मिरच्या दहा-बारा, लसणाचा एक गड्डा, मूठभर शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. यादी बरोबर असते, मापंही बरोबर असतात, आणि तरी ताटात येते ती वांग्याची एक बरी भाजी. जळगावचं भरीत ती नसते. मांड्यांचंही तेच. पुरण उत्तम जमलेलं असतं, कणीक मऊसूत असते, पण पोळपाटावर लाटून तव्यावर टाकली की त्याची पुरणपोळीच होते. पुरणपोळीला कमी लेखण्याचं कारण नाही. पण जो पदार्थ करायला बसलो होतो तो हा नव्हे, हे कबूल करायला हवं. माझं म्हणणं असं आहे की खानदेशी पदार्थांची ओळख जिन्नसांत थोडी आणि आच, भांडं आणि हाताची क्रिया यांत जास्त आहे. म्हणून शिकणाऱ्याने वहीत आधी ते टिपावं. जिन्नस बदलायची वेळ आली तर फार न घाबरता बदलावेत. आच बदलायची असेल, तर तिच्या जागी नेमकं काय येतंय आणि काय जातंय हे समजून घेऊन मगच बदलावी.

मांड्यांचा पुरावा सर्वांत जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या १२व्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात अन्नाचा विस्तृत भाग आहे आणि त्यात 'मंडक' येतो: गव्हाच्या बारीक पिठाचा, तापलेल्या खापरावर भाजलेला. आणि मुक्ताईच्या मांड्यांची आख्यायिका तर घरोघरी माहीत आहे. विसोबाने आळंदीच्या कुंभारांना बजावलं, मुक्ताईला खापर मिळू दिलं नाही, तेव्हा ज्ञानेश्वरांनी योगाग्नीने आपली पाठ तापवली आणि तिने त्यावर मांडे भाजले. या मुक्ताईचं स्थान जळगाव जिल्ह्यातच, मुक्ताईनगरजवळ कोथळीला आहे. चमत्कारावर श्रद्धा असो वा नसो, स्वयंपाकाच्या अंगाने ही गोष्ट फार नेमकी आहे. मुक्ताईचे मांडे अडवायचे होते तर गहू, गूळ किंवा डाळ अडवता आली असती. ज्यांनी ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली त्यांना ठाऊक होतं की या पदार्थाचा जीव खापरात आहे. ते नसेल तर मांडे थांबतात.

असं का, हे मांडे होताना जवळून पाहिलं की उलगडतं. गव्हाचं पीठ वस्त्रगाळ करून घेतात, म्हणजे कोंडा पूर्ण जातो आणि चिकटपणा आड न येता उतरतो. मग मीठ घालून, पाणी थोडं थोडं वाढवत ती कणीक मळतात, परातीत आपटतात, ओढतात, पुन्हा आपटतात. चपातीच्या कणकेपेक्षा ती कितीतरी सैल असते, बोटांतून ओघळेल अशी, पण तुटत नाही. दोन्ही हातांना तेल किंवा पाणी लावून पुरण भरलेला गोळा या हातावरून त्या हातावर फिरू लागतो आणि स्वतःच्या वजनाने पसरत जातो. मनगटापाशी असलेली कड पाहता पाहता कोपरापर्यंत येते. लाटणं नाही, पोळपाट नाही, पिठी नाही. एवढा मोठा, लोंबता, ओला पडदा सपाट तव्यावर टाकला तर गोळा होईल. पालथ्या खापराच्या फुगीर पाठीवर तो आपसूक ताणला जातो आणि सुरकुती न पडता बसतो. दुसरी गोष्ट मातीची. माती लोखंडापेक्षा उष्णता सावकाश देते. मांड्यात पुरण म्हणजे गूळ-साखर, वरचा पापुद्रा तर जेमतेम कागदाइतका. तापलेल्या लोखंडावर कुठे चीर गेली की साखर लगेच करपते आणि कडवट वास पूर्ण पोळीभर पसरतो. खापर तेवढी घाई करत नाही. पापुद्रा शिजतो, ठिकठिकाणी तांबूस ठिपके येतात, कडा सुटतात आणि मांडा उलटवून घडी घालेपर्यंत मऊच राहतो. आकार, माती आणि न लाटलेली कणीक, या तिघांचा हा एकच पदार्थ आहे. वहीतल्या यादीत यातलं एकही नसतं.

ही युक्ती एकट्या खानदेशची नाही, आणि त्यामुळे तिचं मोल उलट वाढतं. लेबनॉन-सीरियापासून तुर्कस्तानपर्यंत फुगीर 'साज'वर पातळ रोट्या भाजतात. इथिओपियात आंबवलेल्या टेफच्या पिठाची इंजेरा मातीच्या रुंद 'मिताद'वर होते, मेक्सिकोत मक्याच्या तोर्तिया मातीच्या 'कोमाल'वर. धान्य वेगळं, पीठ वेगळं, आंबवणं-न आंबवणं वेगळं; पण मोठी, पातळ, मऊ रोटी हवी असेल तर माणसांनी ठिकठिकाणी भांड्याच्या पृष्ठाचा आणि तापाचाच विचार आधी केलेला दिसतो. युनेस्कोने २०१६मध्ये अझरबैजान, इराण, कझाकस्तान, किरगिझस्तान आणि तुर्कस्तान यांची रोटी भाजण्याची परंपरा वारशाच्या यादीत घेतली, तेव्हा एखाद्या रोटीचं साहित्य नोंदवून ते थांबले नाहीत. एकत्र बसून थापणं, साजवर किंवा तंदुरात भाजणं आणि वाटून खाणं हे सारं मिळून त्यांनी वारसा मानलं. नेपल्सच्या पिझ्झाला युरोपीय संघाने २०१०मध्ये पारंपरिक पदार्थ म्हणून संरक्षण दिलं. त्या नियमांत लाकडाची भट्टी, सुमारे ४८५ अंश सेल्सिअस ताप आणि ६० ते ९० सेकंद वेळ हे लिहिलेलं आहे. आपल्याकडे जळगावच्या भरीत वांग्याला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ही आनंदाचीच गोष्ट. पण ते मानांकन वांग्याचं आहे. भरीत ज्या आचेवर होतं तिची काळजी कोणत्याही कागदाने घेतलेली नाही, ती आपल्यालाच घ्यायची आहे.

आता घरी मांडे करायचे तर काय करावं? गच्ची, अंगण किंवा शेत असेल आणि कुंभाराकडून खापर मिळत असेल, तर तेच आणा. बोटाने वाजवून पाहा, खणखणीत आवाज यायला हवा. बद्द वाजलं तर बारीक तडा असतो. नवं खापर रात्रभर पाण्यात ठेवून, पूर्ण वाळवून, पहिल्यांदा मंद जाळावर तापवा. तापलेल्या खापरावर गार पाणी ओतलं की ते गेलंच समजा. खापर नसेल तर जाड बुडाची जुनी लोखंडी कढई पालथी घाला, रुमाली रोटीवाले घालतात तशी. गॅसच्या शेगडीवर ठेवताना कढईने बर्नर पूर्ण झाकला जाणार नाही, खालून हवा खेळती राहील एवढी फट ठेवा. नाहीतर ज्योत कोंडते आणि शेगडीची बटणं तापतात. लोखंड मातीसारखं धीराने वागणार नाही हे गृहीत धरून दोन बदल करा: ताप मध्यम ठेवा आणि मांडा लहान करा, ताटाएवढा. कोपरापर्यंतचा मांडा हा पुढचा टप्पा आहे. परदेशात चक्कीचं पीठ हाताशी नसेल तर मिळेल ते गव्हाचं पीठ बारीक कापडातून चाळा, किंवा पावाचा चिवट मैदा थोडा मिसळा. कणीक मुरायला दोन तास द्या आणि गोळा करण्याआधी एक तुकडा उजेडापुढे धरून ताणून बघा. पलीकडचा उजेड दिसेपर्यंत तो फाटला नाही तर कणीक तयार आहे. हरभऱ्याची डाळ शिजली की कट पूर्ण निथळून घ्या, कारण पुरण सैल राहिलं तर मांडा हातावरच फाटतो, आणि फार घट्ट झालं तर कणीक पुढे सरकते नि पुरण मागे गोळा होऊन बसतं. दोघांचा मऊपणा सारखा हवा. या सगळ्यात गूळ वापरला की साखर, वेलदोडा घातला की जायफळ, याने मांडा अडत नाही.

भरताकडे येऊ. जळगाव तालुक्यातलं आसोदा, यावलकडचं बामणोद ही नावं भरताच्या वांग्यांसाठी प्रसिद्ध आहेत. मोठी, फिकट हिरवी, पातळ सालीची, कमी बियांची ही वांगी हिवाळ्यात येतात आणि त्याच दिवसांत शेतातली कपाशी नि तूर निघून काड्या रचलेल्या असतात. या काड्या भडकन पेटतात, जोरात जळतात आणि लवकर विझतात. वांग्याला हेच लागतं. साल काही मिनिटांत कोळसा होते आणि तिच्या आत गर स्वतःच्या पाण्यावर वाफवला जातो. धूर सालीतून आत शिरतो, पण गर कोरडा पडत नाही. मंद आचेवर बराच वेळ ठेवलेलं वांगं शिजतं, पण त्याचं पाणी उडून जातं आणि धुराचा वास धरण्याआधीच ते बसतं. भाजलेली वांगी सोलून लाकडी बडगीत ठेचतात, तेलावर शेंगदाणे आणि ठेचलेल्या लसूण-मिरच्या परततात, वरून कांद्याची पात. भाजणं आणि ठेचणं या दोन क्रियांत भरीत होऊन गेलेलं असतं. फोडणी हा नंतरचा भाग.

जगभर वांगं भाजून खातात, तिथे हाच अनुभव आहे. इराणच्या गिलान प्रांतात मिर्झा घासेमी करतात, त्यात लसूण, टोमॅटो आणि अंडं असतं. लेबनॉन-सीरियाकडे तिळाची पेस्ट आणि लिंबू घालतात. बिहारात लिट्टीबरोबर चोखा येतो, त्यात कच्चा कांदा नि मोहरीचं तेल. रुमानियात भाजलेलं वांगं लाकडी सुरीने चिरण्याची रीत आहे, गर काळा पडू नये म्हणून. आपली बडगीही लाकडाची आहे, हे इथे आठवावं. साहित्य देशोदेशी बदललं. आगीवर साल जाळणं कुणीही सोडलं नाही.

फ्लॅटमध्ये गॅसवर भरीत करणाऱ्याने म्हणून पहिल्यांदा वांगं निवडताना वेळ द्यावा. आकाराच्या मानाने हलकं वांगं घ्या, जड वांग्यात बिया जास्त. तेलाचा हात लावून, सुरीच्या टोकाने तीन-चार ठिकाणी टोचून, जाळी न ठेवता थेट मोठ्या ज्योतीवर धरा आणि फिरवत राहा. जाळी ठेवली की ज्योत दूर जाते आणि आपण नकळत मंद आचेकडे वळतो. देठापाशी चिमटा सहज रुतला की झालं. लगेच झाकून पाच-सात मिनिटं ठेवा, साल वाफेने सुटते. सोलताना नळाखाली धुऊ नका; सगळी मेहनत मोरीत जाते. साल मात्र नीट काढा, काळे कण चवीसाठी ठेवण्यात अर्थ नाही. मिक्सरला हात लावू नका. मिक्सरमध्ये बिया फुटतात, कडवटपणा उतरतो आणि लगदा होतो. खलबत्ता किंवा पावभाजीचा लाकडी दट्ट्या चालेल. धुराची उणीव भरायची असेल तर शेवटी भरताच्या मधोमध वाटीत पेटता कोळसा ठेवून त्यावर तूप सोडा आणि दोन मिनिटं झाका; खिडकी उघडी हवी. जिथे ज्योतच नाही, विजेची किंवा इंडक्शनची शेगडी आहे, तिथे ओव्हनची वरची आच पूर्ण मोठी करून वांगं तिच्या अगदी जवळ ठेवा. सगळ्या बाजूंनी मंद भाजणाऱ्या ओव्हनपेक्षा हे पुष्कळ बरं.

यावर पहिला आक्षेप असा येतो की परंपरा म्हणून जे आपण जपायला निघालो ते मुळात बदलतच आलेलं आहे. मग आचेचाच एवढा आग्रह का? आक्षेपाचा पहिला भाग खराच आहे. मिरची आणि शेंगदाणा हे दोन्ही अमेरिका खंडातून आले, पोर्तुगीज दर्यावर्दी १४९८ला कालिकतला पोचल्यानंतरच्या काळात. ज्या झणझणीतपणासाठी खानदेश ओळखला जातो तो फार तर चारशे-पाचशे वर्षांचा आहे. शेवभाजी तर त्याहूनही नवी असावी. पण हा इतिहासच माझ्या बाजूने बोलतो. मिरची आली, शेंगदाणा आला, आणि भरताने दोघांना सामावून घेतलं, कारण वांगं जाळावर भाजणं जागच्या जागी होतं. गुळाच्या जागी कुठे साखर आली, मांड्यांनी तीही घेतली. जे बदलूनही पदार्थ ओळखू आला ते वरचं, आणि जे बदलल्यावर नाव बदलावं लागलं ते आतलं. काय बदलायचं आणि काय नाही याची याहून चांगली कसोटी मला माहीत नाही.

बट्टीला ही कसोटी लावून बघण्यासारखी आहे. वरण-बट्टी पूर्वी गोवऱ्यांच्या निखाऱ्यात होई, अजूनही होते. पण खानदेशातल्या घराघरांत आज जाडसर गव्हाच्या पिठाचे ओवा घातलेले गोळे वाफवून किंवा उकडून, कापून, तुपात अथवा तेलात तळले जातात, आणि पंगतीत त्यांना कुणी नावं ठेवत नाही. इथे तर आचच बदलली, मग माझा मुद्दा फसला का? तसं नाही. बट्टीला जाड गोळा आतपर्यंत शिजणं आणि वर खरपूस होणं, या दोन गोष्टी लागतात. निखारा दोन्ही एकदम करतो. वाफ आणि तळण ती दोन हप्त्यांत करतात. धुराचा वास तेवढा गेला, पण वरण आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीबरोबर कुस्करून खाताना तो फारसा उरतही नव्हता. ज्या बायकांनी हा बदल केला त्यांनी आच नेमकं काय काम करते हे ओळखून तेच काम दुसऱ्या वाटेने करून घेतलं. हीच रीत बाकीच्या पदार्थांना लावा. कळण्याच्या भाकरीत, उदाहरणार्थ, आचेपेक्षा दळण महत्त्वाचं: चार भाग ज्वारीला एक भाग अख्खे, सालीसकट उडीद आणि जाडं मीठ एकत्रच दळायचं. उडदाचं तयार पीठ वेगळं आणून मिसळलं तर साल नसते, रंग नसतो आणि तो किंचित तुरट, चिकट घासही नसतो. ज्वारीत जे प्रथिनांचे घटक कमी पडतात ते उडदात असतात, हा वरचा फायदा.

दुसरा आक्षेप धुराचा आहे आणि तो गंभीर आहे. बंद स्वयंपाकघरातल्या चुलीच्या धुराने बायकांच्या डोळ्यांचं आणि फुप्फुसांचं किती नुकसान केलं हे सर्वांना माहीत आहे. घरोघर गॅस पोचवणारी उज्ज्वला योजना २०१६मध्ये आली ती याच कारणाने. चुलीकडे रोज परत जा, असं सांगणारा माणूस स्वतः चुलीपुढे बसत नसावा. मी ते सांगत नाही. मांडे आणि भरीत हे रोजचे पदार्थ नव्हेत. मांडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसाबरोबर, लग्नकार्यात, पाहुणचारात. भरीत हिवाळ्यातल्या चार-दोन बैठकांत. या वेळी उघड्यावर पेटवलेली आग आणि वर्षाचे बारा महिने कोंडलेल्या घरात भरणारा धूर या दोन गोष्टी एकच मानता येत नाहीत. भरीत पार्टी शेतातच होते, ते यासाठीही योग्य आहे. कपाशीवर फवारणी फार होते, तेव्हा निवड असेल तर तुरीच्या काड्या घ्या. आणि हौस म्हणून कोळशाची शेगडी बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत कधीही पेटवू नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो.

तिसरा आक्षेप कष्टांचा. भरीत अनेक ठिकाणी पुरुष मंडळी हौसेने करतात, पण मांड्यांची कणीक आपटायला बसतात त्या बायकाच. तासन्‌तास, विस्तवापुढे, ऐन वैशाखात. परंपरा जपा म्हणणं म्हणजे हे ओझं त्यांच्याच खांद्यावर ठेवणं, असं कुणी म्हटलं तर ते खोडून काढता येणार नाही. उत्तर एकच आहे: या कौशल्याची किंमत मोजावी. जळगाव-धुळ्याकडे लग्नकार्यांत मांडे करून देणाऱ्या बायका आहेत. त्यांच्याशी घासाघीस करताना आपण गव्हा-गुळाचा हिशेब मांडतो, हाताचा मांडतच नाही. यादी महत्त्वाची आणि क्रिया फुकट समजण्याची तीच सवय इथेही दिसते. शिकायचं असेल तर त्यांच्याकडे शिकवणीचे पैसे देऊन शिका, आणि घरातल्या मुलालाही बरोबर न्या. ओल्या कणकेचं वजन पेलायला त्याचे हात उपयोगी पडतील.

शिकायला बसल्यावर काय विचारायचं, हेही आधी ठरवून जा. "किती घ्यायचं?" या प्रश्नाला उत्तर बहुधा "अंदाजानं" असंच येतं, आणि ते टाळण्यासाठी दिलेलं नसतं, माप खरोखर हातात असतं. त्याऐवजी विचारा की खापर तापलं हे कशावरून ओळखता, पाण्याचा शिंतोडा किती वेळात उडतो, कणीक सैल झाली तर काय करता, मांडा फाटला तर भोक कुठे घेता. त्यांच्या परवानगीने चित्रीकरण करणार असाल तर चेहऱ्यापेक्षा हात आणि जाळ टिपा. लाकूड कधी पुढे सारलं, कधी मागे ओढलं, ते पुन्हा पुन्हा बघता यायला हवं. एक गोळा स्वतःच्या हातावर मागून घ्या, तो फाटेल तेव्हा कुठून फाटला ते त्या लगेच दाखवतील. आणि आखाजीच्या आठवड्यात जाऊ नका, त्या दिवसांत त्यांना मान वर करायला फुरसत नसते. पंधरा दिवस आधी गेलात तर त्या बसवून घेतात.